पार्किंगमधलं लाकडी फळ आणि बाल्कनीत भिरभिरत आलेल्या बिया: हे झाड कुठलं?

चिंचोका | १८ फेब्रुवारी, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचनमात्र होते, झाडांच्या विभागात पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो, चौथ्या मजल्यावर. बाल्कनी येऊरच्या डोंगराकडे तोंड करून. गेले आठ-दहा दिवस दुपारी तीन-साडेतीनला बाल्कनीत एका प्रकारच्या बिया येतायत. टपकन पडत नाहीत, गरगर फिरत सावकाश उतरतात, हेलिकॉप्टरसारख्या. लेकाला (इयत्ता दुसरी) नवा उद्योग मिळालाय. तो त्या गोळा करून परत कठड्यावरून खाली सोडतो आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वर बघून माझ्या नावाने ओरडतात.

परवा तो पार्किंगमधून लाकडी टरफलं घेऊन आला. वॉचमनदादांनी झाडून ढीग केला होता त्यातली. होडीसारखी, चांगली जाड, डोक्यात पडलं तर टेंगूळ येईल अशी. एका टरफलाला तशीच एक बी चिकटलेली होती, म्हणून दोन्ही एकाच झाडाचं असावं असा माझा अंदाज.

फोटो तीनदा चढवून बघितले, 'फाइल मोठी आहे' म्हणतंय. लहान करून द्यायला नवऱ्याला सांगितलंय, म्हणजे आठवड्याने होईल. तोवर शब्दांवर भागवा.

झाड कुठलं? आणि मुळात आहे कुठे? आमच्या आवारात नारळ, अशोक आणि एक बदाम, एवढंच आहे.

मिसळपंथी | १८ फेब्रुवारी, रात्री १०:०४

मोबाइलचं लेन्स लावून बघा की. दोन सेकंदांत सांगतं.

चिंचोका | १८ फेब्रुवारी, रात्री १०:११

लावलं. बी दाखवली तर म्हणालं मॅपल. टरफल दाखवलं तर म्हणालं लाकडी चमचा, हस्तकला.

मिसळपंथी | १८ फेब्रुवारी, रात्री १०:१३

वर्तकनगरात मॅपल! आता पोखरण रोडवर बर्फ पडायचा तेवढा बाकी आहे.

अळूवडी | १८ फेब्रुवारी, रात्री १०:३०

टेटू असेल गं. दशमुळातला. हातभर लांब, तलवारीसारख्या चपट्या शेंगा असतात आणि आतून पंखवाल्या बिया उडतात. येऊरला मी स्वतः बघितलाय. आमच्याकडे नेरूळला मात्र कुठे दिसला नाही.

कोलशेतकर | १९ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

टेटू नाही. टेटूची शेंग दोन फाकांची, आणि त्याची बी म्हणजे पातळ कांद्याच्या पापुद्र्यात गुंडाळलेली टिकली. जाड लाकडी टरफल म्हणतायत म्हणजे मुचकुंद. आमच्या ऑफिसच्या दारात होता. तोच. विषय संपला.

पुडीवाला | १९ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

विषय एवढ्यात संपवू नका. मुचकुंदाचा अंदाज वाईट नाही, पण ताईंनी अजून फळ पुरतं सांगितलेलंच नाही.

चिंचोका, घरात पट्टी आहे का? चिरंजीवांची चालेल. आधी टरफलाची लांबी मोजा आणि एका फळाची किती टरफलं होतात ते जुळवून बघा, संत्र्याच्या फोडी परत लावतो तसं. बाहेरून हात फिरवा. तपकिरी मखमलीसारखी लव बोटाला लागते का, की नुसतं खरबरीत लाकूड? मग बी उजेडापुढे धरा: पंख बीच्या सगळ्या बाजूंनी आहे, दोन्ही टोकांना आहे, की एकाच टोकाला? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या कचऱ्याच्या ढिगात जाऊन फळाचा मधला दांडा मिळतो का बघा. लोक टरफलं उचलतात आणि दांडा टाकून देतात, आणि नेमकी ओळख त्या दांड्यात असते.

चाखून बघू नका. चिरंजीवांनाही सांगा. पाऊस संपला की चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून पोरं खातात आणि वर्गच्या वर्ग दवाखान्यात जातो, ही बातमी आपण दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावची वाचतो. बिट्टी, गुंज, एरंड, सगळी दिसायला देखणी, पण विषारी.

मिसळपंथी | १९ फेब्रुवारी, सकाळी ८:५८

पुडीवाले काका, तुम्ही प्रोफेसर का?

पुडीवाला | १९ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

नाही हो. कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो, एकतीस वर्षं. सहलीहून मुलं पिशव्या भरून पाला आणायची. तो वर्तमानपत्रात दाबणं, कागद बदलणं, फळं-बिया कागदाच्या पुडीत बांधून वर तारीख-ठिकाण लिहिणं हे माझं काम. नाव सर लिहायचे. पण एकतीस वर्षं पुड्या बांधल्यावर हाताला कळायला लागतं.

चिंचोका | १९ फेब्रुवारी, रात्री ९:२०

गृहपाठ केला. कचऱ्याचा ढीग उपसताना अर्ध्या सोसायटीने बघितलं, आता माझी काही इज्जत उरलेली नाही.

टरफल १४ सेंटिमीटर. पाच टरफलं जुळवली तर एक पूर्ण फळ होतं, खाली फुगीर आणि वर निमुळतं. लव नाही. बाहेरून राखाडी-तपकिरी, आतून गुळगुळीत. शिवाय पाच पातळ टरफलंही निघाली, जाड्या टरफलांच्या आत अस्तरासारखी बसणारी. ती मी आधी दुसऱ्याच कशाची तरी समजत होते.

बी पंखासकट साडेआठ सेंटिमीटर. पंख एकाच बाजूला. एका टोकाला खरी बी, बदामी रंगाची, दाबली तर बुचासारखी हलकी, आणि तिथून पुढे नुसता पंख.

आणि दांडा मिळाला! वॉचमनदादांनी तो कुत्र्याला फेकायला बाजूला ठेवला होता. पाच धारांचा लाकडी खांब आहे, लेक त्याला रॉकेट म्हणतो. धारांच्या मधल्या खोबणींत वरपासून खालपर्यंत बियांचे ठसे उमटलेत, एकावर एक, कौलं रचल्यासारखे.

पुडीवाला | १९ फेब्रुवारी, रात्री ९:४१

शाब्बास. काम झालं. महोगनी.

आता का, ते सांगतो. मुचकुंदाचं फळही पाच फाकांचं, लाकडी, साधारण याच मापाचं असतं. म्हणून कोलशेतकरांचा अंदाज वाईट नाही म्हटलं. पण त्याच्यावर गंजासारखी तपकिरी लव असते, हाताला लागते, आणि मधे असा जाडजूड खांब राहत नाही. तुमच्याकडे लव नाही आणि खांब आहे, म्हणजे मुचकुंद गेला.

पाच जाड टरफलं, आत पाच पातळ, मधे पाच धारांचा खांब, आणि खांबाच्या वरच्या टोकापासून पंखाने लटकलेल्या एकपंखी बिया, एवढं जुळल्यावर दुसरं नाव माझ्या डोक्यात येत नाही. या फळाची गंमत अशी की ते देठाकडून उकलतं. भेंडी म्हणा, कापूस म्हणा, आपल्या ओळखीची फळं टोकाकडून उघडतात. हे बुडाकडून सुटतं. टरफलं गळून पडतात, खांब फांदीवरच राहतो आणि बिया मोकळ्या वाऱ्यात लोंबतात. मग दुपारच्या वाऱ्याला एकेक सुटते. एका फळात पन्नास-साठ सहज.

महोगनीतही दोन आपल्याकडे लावलेल्या दिसतात. लहान पानांचीचं फळ लहान, पाच ते दहा सेंटिमीटर, आणि बी पंखासकट पाचेक. तुमचं १४ आणि साडेआठ, म्हणजे मोठ्या पानांची: स्विटेनिया मॅक्रोफायला. मूळची मेक्सिकोपासून खाली बोलिव्हिया-ब्राझीलपर्यंतची. स्विटेनिया हे नाव जॅकविनने १७६० मध्ये व्हान स्वीटेन या व्हिएन्नाच्या राजवैद्याच्या सन्मानार्थ दिलं. आमचे सर हे दरवर्षी सांगायचे आणि दरवर्षी कोणीतरी विचारायचं, परीक्षेला येतं का.

वऱ्हाडी_ठेचा | १९ फेब्रुवारी, रात्री १०:१५

काका, आमच्याकडे रोहणाची फळं पण अशीच पाच फाकांची लाकडी असतात. मधे दांडा, आत पंखाच्या बिया. रोहण तर नसेल ना?

पुडीवाला | १९ फेब्रुवारी, रात्री १०:२८

वा! हा प्रश्न आमच्या एम.एस्सी.च्या मुलांनी कधी विचारला नाही. रोहण महोगनीचा सख्खा चुलतभाऊच. पण त्याचं फळ लहानसं, मुठीत दोन मावतील एवढं, पिकल्यावर काळं, आणि बीला दोन्ही टोकांना पंख. तूनच्या बीलाही तसेच दोन्हीकडे. म्हणून तर ताईंना पंख कुठल्या टोकाला ते विचारलं. ही सगळी कडुनिंबाच्या कुळातली मंडळी. कडूपणा घराण्यातच आहे.

अळूवडी | १९ फेब्रुवारी, रात्री १०:३५

आणि ते आफ्रिकन महोगनी म्हणतात ते?

पुडीवाला | १९ फेब्रुवारी, रात्री १०:४२

खाया. त्याचं फळ चेंडूसारखं गोल, बहुधा चार फाकांचं, आणि बीला भोवताली बारीक किनार. भिरभिरत येणार नाही.

मिसळपंथी | २० फेब्रुवारी, सकाळी ९:०५

म्हणजे चिंचोकाच्या लेकाने पार्किंगमधून फर्निचर आणलं. अभिनंदन. धागा संपला, चहा घ्या.

चिंचोका | २० फेब्रुवारी, रात्री ११:३०

धागा संपला नाही. आज जे झालं ते लिहू की नको असा दोन तास विचार केला.

काल रात्री महोगनी हे नाव कळलं, आणि आज लेकाने आजोबांना मोठ्या उत्साहाने बी दाखवली. आमचे बाबा (सासरे), वय ७१, मधुमेह पंधरा वर्षांचा. त्यांनी बी हातात घेतली, पंख मोडला, वरची साल नखाने काढली आणि म्हणाले, "अरे, ही तर माझ्या डब्यातली."

कसला डबा? तर उपवनला सकाळी फिरायला जातात तिथल्या एका मित्राने दिलाय. 'शुगर बदाम.' रोज अनशापोटी एक बी चावून खायची, वर कोमट पाणी. महिना झाला खातायत. आम्हाला सांगितलं नाही, कारण "तुम्ही लगेच डॉक्टर डॉक्टर कराल." साखर उतरली असंही म्हणतात. गोळ्या चालूच आहेत, त्या सोडलेल्या नाहीत एवढं नशीब.

डब्यातल्या बिया सोललेल्या आहेत. चपट्या, फिकट पिवळट. पुडीवाले काका, ही महोगनीच का?

पुडीवाला | २० फेब्रुवारी, रात्री ११:४४

ताई, सोललेल्या बीवर मी नाव लिहिणार नाही. फळ नाही, पंख नाही, साल नाही. पुडीवर ठिकाण न लिहिलेलं नमुन्याचं पाकीट असेल तर सर ते परत करायचे.

पण तुमच्याकडे खात्रीची बी आहे. बाल्कनीतल्या पाच-सहा सोला. डब्यातल्या पाच-सहा शेजारी ठेवा. लांबी, जाडी, कडा, मधोमध मोडल्यावर दोन दळं कशी दिसतात ते बघा. चव घेऊन नाही, बघून. खरा कडू बदाम असेल तर आकार बदामाचाच असतो, एका टोकाला टोकदार, आणि तो निराळाच धोका आहे, त्यात सायनाइड तयार होतं. एवढं मात्र सांगतो की 'शुगर बदाम' या नावाने बाजारात महोगनीच्या बिया विकतात, हे मी स्वतः बघितलंय.

रात्रपाळी | २१ फेब्रुवारी, पहाटे ३:१०

ड्यूटीवर आहे, मधल्या वेळेत लिहितोय. मी फिजिशियन आहे, पण हा सल्ला म्हणजे तपासणी नव्हे.

चिंचोका, सकाळपासून बिया बंद. डबा फेकू नका, त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. महोगनीच्या बियांनी उंदरांमध्ये साखर उतरल्याचे प्रयोग झालेत, त्यामुळे 'काहीतरी होतं' हे खोटं नाही. घोळ तिथेच आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या आधीच साखर खाली आणतात, त्यावर हे घेतलं तर पहाटे साखर नको इतकी खाली जाऊ शकते. ७१ व्या वर्षी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडणं म्हणजे काय, ते आम्ही रोज बघतो.

दुसरं म्हणजे यकृत. मलेशियात हेच फळ 'स्काय फ्रूट' म्हणून विकलं जातं. ते खाऊन यकृताला आणि मूत्रपिंडाला इजा झालेल्या रुग्णांची वर्णनं वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलीयेत. खाणाऱ्या प्रत्येकाला होतं असं नाही. पण कोणाला होईल ते आधी कळत नाही. एसजीपीटी वगैरे यकृताच्या चाचण्या, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, आणि घरी ग्लुकोमीटर असेल तर काही दिवस पहाटेची साखर, एवढं तपासून घ्या. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक गेली, यातलं काही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

पुडीवाला | २१ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

डॉक्टरसाहेबांनी स्काय फ्रूट म्हटलं त्यावर एक जोड. मलय भाषेत या फळाला तुंजुक लांगित म्हणतात, आभाळाकडे बोट दाखवणारं. कारण हे फळ फांदीवर लोंबत नाही, देठावर ताठ उभं राहतं. झाड शोधताना ते लक्षात ठेवा.

कोलशेतकर | २१ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

डॉक्टर लोकांना झाडपाल्याचं वावडंच असतं. माझे मामा दोन वर्षं खातायत. साखर कंट्रोलमध्ये. काही झालेलं नाही. आपली हजारो वर्षांची परंपरा आहे, ती एका फोरमच्या पोस्टने खोटी ठरत नाही.

सुंठ | २१ फेब्रुवारी, सकाळी १०:४०

कोलशेतकर, मी वैद्य आहे, बी.ए.एम.एस., त्यामुळे परंपरेच्या नावाने माझ्यावर तरी ओरडू नका.

महोगनी अमेरिका खंडातली. आपल्याकडे ती इंग्रजांच्या बागांतून आली. चरक-सुश्रुतांनी ती बघितलीच नव्हती, तर तिचे गुण कुठून लिहिणार? निघंटूंत, म्हणजे आमच्या जुन्या औषधी कोशांत, कडुनिंब आहे, रोहण आहे, महोगनी नाही. तिची मात्रा, शोधन (शुद्ध कशी करायची), अनुपान (कशाबरोबर घ्यायची), कोणाला देऊ नये, यातलं काहीच आमच्या शास्त्रात लिहिलेलं नाही. 'अनशापोटी एक बी' ही मात्रा कोणी ठरवली? उपवनच्या कट्ट्याने.

कडू आहे म्हणजे मधुमेहावर चालतं, हा हिशोब लोकांनी कारल्यापासून उचललाय. कण्हेरही कडूच असते.

कोलशेतकर | २१ फेब्रुवारी, सकाळी १०:५२

बरं. मामांना विचारतो त्यांची तपासणी कधी झाली होती.

मिसळपंथी | २१ फेब्रुवारी, सकाळी १०:५५

कोलशेतकर चक्क मागे हटले. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवतोय.

चिंचोका | २३ फेब्रुवारी, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. सविस्तर सांगते.

मी बाबांना काही बोलले नाही. बोलले असते तर डबा माळ्यावर गेला असता आणि खाणं चालूच राहिलं असतं. लेकाला कामाला लावलं. त्याने डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरलं, एका बाजूला बाल्कनीतल्या सहा बिया सोलून ठेवल्या आणि आजोबांना म्हणाला, "तुमच्या डब्यातल्या द्या, जोड्या लावायच्यात." बाबा बँकेत होते, आयुष्यभर सह्या जुळवल्या. चष्मा लावून बसले. एकेक उचलून बघितली, मोडून बघितली, शेवटी दोघांनी सगळ्या मिसळून टाकल्या तर परत वेगळ्या करता येईनात. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बदाम म्हणून दिलं होतं त्यांनी मला."

काल डॉक्टरांकडे स्वतःच गेले, डबा खिशात घालून. यकृताचा एक आकडा थोडा वर आलाय. डॉक्टर म्हणाले, हे बियांमुळेच असं आत्ता सांगता येणार नाही, पण बिया बंद, तीन आठवड्यांनी परत रक्त तपासू. पहाटेची साखर दोनदा ७० च्या खाली सापडली. त्यावर मात्र डॉक्टर बाबांना चांगलेच बोलले.

मित्राचं वाईट वाटतंय. ते स्वतःही खातात, केरळहून कोणी नातेवाईक पाठवतात. त्यांनी काही पैसे-बिसे घेतले नव्हते, आपलं चांगलं व्हावं म्हणूनच दिलं होतं. बाबा आज त्यांना घेऊन बाकावर बसले होते म्हणे, पंखवाली बी दाखवत.

रात्रपाळी | २४ फेब्रुवारी, पहाटे २:४०

चांगलं झालं. ७० च्या खालचे आकडे मला जास्त खटकतायत. रात्रीची गोळी कुठली ते डॉक्टरांशी नीट बोलून घ्या. आणि त्या मित्रांनाही तपासणीला पाठवा, नुसती बी दाखवून भागणार नाही.

अळूवडी | २४ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

सगळं वाचून काढलं. पण झाड कुठे आहे ते राहिलंच की!

पुडीवाला | २४ फेब्रुवारी, सकाळी ९:५०

टरफल जड असतं, ते झाडाखालीच पडतं. बी हलकी, पण तीही काही कोस जात नाही, बहुतेक पन्नास-साठ मीटरच्या आत उतरतात. बाल्कनी डोंगराकडे म्हणजे पश्चिमेला. दुपारचा वारा या दिवसांत पश्चिमेकडून. म्हणजे झाड तुमच्या बाल्कनीच्या समोरच आहे, तुम्ही रोज बघताय. पानगळ झालेली असेल. निष्पर्ण फांद्यांवर काय उभं आहे ते बघा.

चिंचोका | २४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४०

सापडलं!!

पंप रूमच्या मागच्या भिंतीपलीकडे बंद पडलेल्या कंपनीचा प्लॉट आहे, तिथे. आमच्या मजल्याहून उंच. एक फांदी भिंतीवरून आमच्या पार्किंगवर येते, टरफलं तिचीच. आणि खरंच सगळ्या फांद्यांवर लाकडी फळं ताठ उभी, काहींचे नुसते खांब उरलेत. आता सांगायला लाज वाटते, पण चार वर्षं मी पाहुण्यांना ते झाड दाखवून सांगत होते की त्यावर वटवाघळं असतात. वटवाघळं उलटी लटकतात आणि ही सुलटी उभी आहेत, हे कधी डोक्यातच आलं नाही.

खाली पडलेली दोन-चार वाळकी पानंही आणली. चिंचेसारखी जोडीजोडीने पानं एका काडीला, पण मोठी. टोकाला एकटं पान नाही. आणि प्रत्येक पान बुडाशी एका बाजूला कललेलं.

पुडीवाला | २४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:०२

टोकाला एकटं पान नसणं, बुड वाकडं, म्हणजे शिक्कामोर्तब. आता पंधरा-वीस दिवसांत नवी पालवी येईल, तांबूस, तेव्हा बघा. बिया ओल्या फडक्यात ठेवू नका, थेट मातीत लावा, ताज्या असतानाच. जुनी झाली की उगवत नाही.

अळूवडी | २४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:२०

लावायला कशाला सांगताय काका? परदेशी झाड. जागा असेल तर रोहण लावा, करंज लावा, आपले पक्षी-फुलपाखरं तरी येतील.

पुडीवाला | २४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:३१

कुंडीत एक उगवून बघायला काय हरकत आहे? दुसरीतल्या मुलाला रोहणाचं बी ठाण्यात कुठून मिळणार. पण येऊरच्या डोंगरावर नेऊन लावू नका, हे बरोबर.

कोलशेतकर | २५ फेब्रुवारी, सकाळी ८:००

ती भिंतीवरून आलेली फांदी गाड्यांवर टरफलं टाकणार. सेक्रेटरी तोडायला लावतील बघा.

चिंचोका | २५ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

लावलंच होतं! काल झाड सापडल्याचं मीच ग्रुपवर आनंदाने टाकलं आणि अर्ध्या तासात 'माणूस बोलवतो' असा मेसेज. मग बाबांनी १९७५ चा झाडांचा कायदा काढून दाखवला. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, शिवाय झाड आपल्या आवारातलंही नाही. तूर्त त्या खालच्या दोन गाड्या पुढे सरकवायचं ठरलंय. त्यातली एक सेक्रेटरींची.

वऱ्हाडी_ठेचा | २५ फेब्रुवारी, दुपारी १:१५

मामांचं काय झालं, कोलशेतकर?

कोलशेतकर | २५ फेब्रुवारी, दुपारी १:४०

मागच्या तपासणीला दोन वर्षं झाली. उद्या सकाळी नेतोय. रिकाम्या पोटी.

चिंचोका | १ मार्च, संध्याकाळी ७:१०

रविवारी बाबा आणि लेक येऊरला गेले होते. लेक आता जमिनीकडे बघूनच चालतो. खिशातून एक वाळकी, दोरीसारखी पिळलेली शेंग निघाली, बोटाएवढी, तपकिरी. पिळून वाळत घातलेल्या फडक्यासारखी. फोटो चढतोय का बघते.

मिसळपंथी | १ मार्च, संध्याकाळी ७:१२

मुरुडशेंग! हे मलाही येतं. बाळाच्या घुटीत असते. आणि नवीन फळासाठी नवीन धागा काढा, नियम आहे.

पुडीवाला | १ मार्च, संध्याकाळी ७:२५

नियम असू दे. चिंचोका, चिरंजीवांना सांगा, पीळ हलक्या हाताने उलटा फिरवून सोडव आणि किती पदर निघतात ते मोज.

चिंचोका | १ मार्च, संध्याकाळी ७:५८

एक तुटला. पण धरून पाच.